हिमाचे चिरे: इग्लू उभा कसा राहतो आणि आत ऊब कुठून येते

इग्लू म्हटले की चित्रांच्या पुस्तकातले एकच दृश्य डोळ्यांपुढे येते. पांढरा अर्धा चेंडू, त्यावर विटांसारख्या आखलेल्या रेघा, पुढे बोगद्यासारखे दार आणि शेजारी हमखास एक पेंग्विन. पेंग्विनचे सोडून देऊ. तो दक्षिण गोलार्धातला आणि इग्लू उत्तर ध्रुवाकडचा, त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. पण त्या चित्रात आणखी तीन गोष्टी चुकलेल्या असतात आणि त्या जास्त महत्त्वाच्या आहेत. इग्लू घट्ट, काचेसारख्या बर्फाचा नसतो. तो नेमका अर्धगोल नसतो. आणि त्याचे थर विटांसारखे आडवे, एकावर एक रचलेले नसतात. इग्लूची सगळी करामत या तीन गोष्टींतच आहे.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक करार करून घेऊ. आकाशातून पडून जमिनीवर साचते त्याला इथे हिम म्हणू आणि पाणी गोठून होतो तो बर्फ. बोलताना आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण इथे तसे केले तर सगळा घोळ होईल.

सगळेच इन्यूट लोक, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक मुलखातले मूळ रहिवासी, बारा महिने इग्लूत राहत, हाही एक पसरलेला गैरसमज. अलास्कात आणि ग्रीनलंडच्या बहुतेक भागात हिवाळ्याचे घर दगडांचे, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचे, समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचे किंवा व्हेलच्या हाडांचे असे. तिथे हिमाचे घर बांधायचे ते बहुधा शिकारीच्या वाटेवर, मुक्कामापुरते. हिवाळाच्या हिवाळा हिमघरात काढणारे लोक होते ते कॅनडाच्या मध्य आर्क्टिकमधले: नेट्सिलिक, इग्लूलिक, कॉपर इन्यूट आणि त्यांचे शेजारी. त्यांचा बराचसा मुलूख आज नुनावुत या प्रदेशात येतो. कॅनडाने १ एप्रिल १९९९ रोजी हा प्रदेश वेगळा केला. त्याची राजधानी इकालुइत.

हा मुलूख वृक्षरेषेच्या पलीकडचा. झाड नाही, म्हणजे वासा नाही, खांब नाही, जळण नाही. हिवाळ्यात समुद्र गोठतो. त्याखालच्या सीलना श्वास घ्यायला वर यावे लागते, म्हणून ते बर्फात भोके राखून ठेवतात. शिकारी त्या भोकांपाशी तासन्‌तास उभा राहतो. मग वस्ती कुठे करायची? सील जिथे तिथे, थेट गोठलेल्या समुद्रावर. तिथे बांधकामाचे साहित्य म्हणून वाऱ्याने आणून टाकलेले हिम तेवढे मिळते. उन्हाळ्यात हीच कुटुंबे किनाऱ्यावर कातड्याच्या तंबूत राहत.

आधी हिम पारखायचे

इग्लू बांधण्यातले सर्वांत अवघड काम कोणते, असे कुणी विचारले तर मी घुमटाचे नाव घेणार नाही. योग्य हिम ओळखणे हे खरे अवघड काम. पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते.

नुकतेच पडलेले हिम चिऱ्यांसाठी निरुपयोगी. एका घनमीटरमध्ये ते ५० ते १०० किलो भरते, बाकी सगळी हवा. त्यातून चिरा कापायला जाल तर हातात भुसा येईल. इग्लूला लागते ते वाऱ्याने कुटलेले हिम. आर्क्टिकच्या उघड्या माळावर वारा हिमकणांना लोटत नेतो. या फरफटीत कणांच्या नाजूक नक्षीदार फांद्या मोडतात, बारीक गोलसर कण उरतात आणि ते एकमेकांना खेटून बसतात. मग घनता ३०० ते ४०० किलोपर्यंत जाते. घट्ट बर्फाची घनता ९१७ किलो आहे. म्हणजे हे कुटलेले हिमसुद्धा निम्म्याहून अधिक हवाच असते.

कण नुसते खेटून बसत नाहीत, ते एकमेकांना जोडलेही जातात. बर्फ हा पदार्थ आपल्याला कितीही गार वाटला तरी तो कायम आपल्या वितळबिंदूच्या जवळ असतो. उणे २० अंश आपल्याला भयंकर वाटते; लोखंडाच्या हिशेबाने पाहिले तर वितळबिंदूच्या इतक्या जवळ असणे म्हणजे भट्टीत लालबुंद होणे. त्यामुळे बर्फाच्या कणांवरचे रेणू जागा बदलत राहतात. टोकदार भागांवरून ते निघतात आणि दोन कण जिथे टेकलेले असतात त्या खाचेत जाऊन बसतात. काही तासांत दोन कणांमध्ये बर्फाची बारीक मान तयार होते. धातूच्या किंवा चिनी मातीच्या भुकटीपासून घट्ट वस्तू बनवताना भट्टीत जे घडवून आणतात, तेच हिमात आपोआप घडते. हिम एकदा ढवळून, मोडून, दाबून ठेवले की ते आधीपेक्षा कडक होते ते यामुळेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

कडकपणाची पहिली परीक्षा पायाने होते. चालताना पावलाचा ठसा जेमतेम उमटला पाहिजे. पाय रुतला तर हिम कच्चे, ठसाच उमटला नाही तर फार घट्ट. दुसरी परीक्षा काठीने. हाडाची किंवा शिंगाची लांब सळई हिमात सरळ खुपसायची. ती एकसारख्या जोराने, अडखळल्याशिवाय खाली गेली तर काम झाले. मध्येच ती भसकन आत गेली तर तिथे वेगळा थर आहे असे समजायचे. आर्क्टिकमध्ये ही अडचण नेहमीची. खालची जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे हिमाच्या तळाशी वाफ वर सरकत राहते आणि तिथे जाड्याभरड्या साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. असा थर चिऱ्यात आला की चिरा उचलतानाच दुभंगतो. म्हणून एकाच वादळात साचलेला, वरपासून खालपर्यंत एकजिनसी ढीग शोधायचा. मनासारखा ढीग सापडेपर्यंत शिकारी काठी टोचत बरेच अंतर हिंडत.

हवा आहे म्हणून ऊब आहे

आता बर्फ आणि हिम यांतला फरक कामी येतो. बर्फ उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतो. कुटलेले हिम त्याच्या साधारण आठवा-नववा भागच वाहून नेते. कारण अडकलेली हवा. पिंजाऱ्याकडून गादी पिंजून आणली की तोच कापूस जास्त उबदार लागतो, कारण कापसाइतकेच काम त्यातली हवा करते, हिमाचेही तसेच.

थोडा हिशेब मांडू. आतला व्यास ३ मीटर आणि भिंत २० सेंटीमीटर जाड असलेला इग्लू घ्या. घुमटाचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर. आत आणि बाहेर १ अंशाचा फरक असेल तर एवढ्या भिंतीतून साधारण १५ वॉट उष्णता निसटते. स्वस्थ बसलेला माणूस १०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे चौघांचे ४००. आता ४०० ला १५ ने भागा: २६-२७ अंशांचा फरक. बाहेर उणे ३५ असताना दिवा न लावता, केवळ चार माणसे आत बसल्याने पारा उणे ८ च्या आसपास येतो. हाच घुमट घट्ट बर्फाचा असता तर उष्णता जवळपास चौपट वेगाने गेली असती आणि तीच चार माणसे जेमतेम ७ अंशांचा फरक पाडू शकली असती. (आठ-नऊपट का नाही? भिंतीलगत दोन्ही बाजूंना हवेचा पातळ स्थिर थर असतो, तो दोन्ही प्रकारच्या भिंतींना थोडा हातभार लावतो.) जमीन, दार आणि झरोका यांतून जाणारी उष्णता मी धरलेली नाही, तेव्हा हे आकडे अंदाज येण्यापुरतेच घ्या. यातून एवढे मात्र कळते की घर लहान असणे हा कंजूषपणा नव्हता. घुमट मोठा केला की उष्णता निसटायला जागाही वाढते.

शिवाय वारा थांबतो. उणे ३५ मध्ये वाऱ्यात उभे राहणे आणि वाऱ्यावाचून बसणे यांत जगण्या-मरण्याचा फरक असतो. तंबूचे कापड वारा पूर्णपणे अडवत नाही, रात्रभर फडफडते ते वेगळेच.

बांधकाम

हत्यार एकच: लांब पात्याची हिमसुरी. पूर्वी ती कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या शिंगाची, हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची असे, पुढे धातूची आली. आज बरेच जण सरळ सुताराची करवत वापरतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

हिमावर वर्तुळ आखले जाते आणि चिरे शक्यतो त्या वर्तुळाच्या आतूनच कापले जातात. यात शहाणपण आहे. चिरे वाहून आणावे लागत नाहीत, आणि जितके चिरे निघतात तितकी आतली जमीन खोल जाते. निम्मे घर असे खोदकामातूनच मिळते. भिंत तेवढी कमी उंच बांधावी लागते. चिरा साधारण ६० ते ९० सेंटीमीटर लांब, ४० ते ५० उंच आणि १५ ते २० जाड. वजन वीस किलोच्या आगेमागे. एकट्या माणसाला उचलता येईल असा, पण लहान मुलाचे काम नव्हे.

पहिली फेरी उभ्या चिऱ्यांची, प्रत्येक चिरा आतल्या बाजूला किंचित झुकलेला. ती पूर्ण झाली की बांधणारा असे काही करतो जे वीटकाम करणारा गवंडी कधी करणार नाही. तो लावलेले तीन-चार चिरे वरून तिरके कापतो, म्हणजे जमिनीपासून चिऱ्याच्या पूर्ण उंचीपर्यंत चढण तयार होते. पुढचा चिरा या चढणीच्या पायथ्याशी बसतो, त्यापुढचा त्याला लागून, आणि मग भिंत सलग मळसूत्रासारखी गोल फिरत वर चढते. थर संपून नवा सुरू होतो असा क्षणच येत नाही.

याचा फायदा काय? आडवे थर घातले असते तर प्रत्येक नव्या थराचा पहिला चिरा एकटा पडला असता. वर जाताना चिरे आत झुकतात. एकट्या चिऱ्याला शेजारचा आधार नसेल तर तो सरळ आत कोसळेल. विटांचा घुमट बांधताना म्हणूनच खाली लाकडी ढोला, म्हणजे तात्पुरता आधार, उभारतात. आर्क्टिकमध्ये लाकूडच नाही. चढत्या फिरकीत मात्र प्रत्येक चिऱ्याला दोन आधार मिळतात: खाली आधीच्या फेरीचा, बाजूला नुकत्याच बसवलेल्या चिऱ्याचा. आधार उभारल्यावाचून घुमट बांधण्याची युक्ती ती हीच, आणि माझ्या मते इग्लूतला सर्वांत हुशार भाग हाच आहे. घुमटाचे कौतुक सगळे करतात, पण ही चढण नसती तर घुमट झालाच नसता.

चिरा बसवतानाही एक बारकावा असतो. नवखा माणूस चिऱ्याची कड सपाट कापून ती खालच्या चिऱ्यावर पूर्णपणे टेकवायला बघतो. हिमाची कड कितीही नीट कापली तरी मध्ये कुठेतरी उंचवटा राहतोच. चिरा त्या उंचवट्यावर डुगडुगतो, फिरतो आणि आत पडतो. जाणता माणूस खालची कड मधोमध जरा पोखरून घेतो, त्यामुळे चिरा आपल्या दोन खालच्या कोपऱ्यांवर टेकतो. शेजारच्या चिऱ्याला लागणारी बाजूही तशीच पोखरायची, म्हणजे तो वरच्या कोपऱ्यापाशीच भिडतो. तीन ठिकाणी टेकलेली वस्तू डुगडुगत नाही. मग सुरी सांध्यातून फिरवून जागा सारखी करायची आणि वरून हलकेच थोपटायचे. टेकलेल्या जागी चुरडलेले कण चिकटू लागतात. मघाशी सांगितलेल्या बर्फाच्या मानांचे काम सुरू झालेले असते. सिमेंट लागत नाही, कारण हिमच स्वतःचे सिमेंट आहे.

बांधणारा सगळा वेळ आत असतो. बाहेरची माणसे, बहुधा बायका आणि मुले, सांध्यांमध्ये भुसभुशीत हिम दाबून भरतात. आपल्याकडचा गवंडी दरजा भरतो तेच काम. हे भरलेले हिम ढवळलेले असल्यामुळे लवकरच आजूबाजूच्या चिऱ्यांइतके, कधी त्यांच्याहूनही कडक होते. भिंत वर जाते तसा आतला माणूस हळूहळू कोंडला जातो. शेवटी माथ्यावर एक भोक उरते. त्यासाठी भोकापेक्षा मोठा चिरा घ्यायचा, तो उभा करून भोकातून बाहेर काढायचा, बाहेर आडवा करायचा आणि खालून सुरीने कडा तासत तासत जागेवर उतरवायचा. कडा खाली निमुळत्या असल्यामुळे तो घट्ट बसतो. कमानीतल्या कळीच्या दगडाचा हा हिमातला भाऊ. आता बांधणारा पूर्ण बंद झाला. मग तो तळाशी भोक पाडून बाहेर येतो आणि तेच पुढे दार होते. एका रात्रीच्या मुक्कामापुरते छोटे घर अनुभवी माणसे तासाभरात उभे करत; कुटुंबाच्या घराला अर्थातच जास्त वेळ लागे.

अर्धगोल का नाही

दोन्ही हातांत एक साखळी सैलसर धरा. ती खाली जो आकार घेते त्यात प्रत्येक कडी केवळ ताणली गेलेली असते. ना वाकते, ना दबते. हा आकार जसाच्या तसा उलटा केला तर त्यात सगळीकडे केवळ दाब येईल, ताण कुठेच नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने हे तत्त्व १६७५ साली छापले, तेही अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात, म्हणजे शोध आपल्या नावावर राहावा पण दुसऱ्याला उमगू नये. कोड्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

हिमाला दाब बराच सोसतो, ताण जवळपास सोसतच नाही. नेमका अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाने खालच्या भागात बाहेर फुगू पाहतो. माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आले की त्यापुढच्या गोल फेऱ्यांमध्ये ताण सुरू होतो. दगडी घुमटांना त्या जागी जाड भिंती किंवा लोखंडी साखळ्या लागतात. हिमाचा अर्धगोल तिथे उभा तडकेल. चांगला इग्लू म्हणून अर्ध्या चेंडूपेक्षा जरा उंच, निमुळता, उलट्या टांगलेल्या साखळीच्या जवळ जाणारा असतो. इन्यूट बांधकाम करणाऱ्यांनी हे गणिताने काढले नाही. वर्षानुवर्षे पडझड पाहून आणि हाताला लागलेल्या सवयीने ते या आकाराला पोचले. बांधून थोडा वेळ गेला की अशा इग्लूवर माणूस चढून उभा राहिला तरी तो ढासळत नाही.

आणखी एक कारण आहे. हिम स्वतःच्या वजनाखाली अगदी संथपणे खचत राहते. काही आठवड्यांत इग्लूचा माथा खाली येतो. आकार बरोबर असेल तर घर केवळ बुटके होते. चुकलेला असेल तर ते एका अंगाला कलते.

आतली व्यवस्था

दारातून सरळ आत चालत जाता येत नाही. जमिनीच्या पातळीखालचा बोगदा असतो, त्यातून वाकून किंवा रांगत आत शिरायचे. आतल्या निम्म्याहून अधिक जागेत हिमाचाच उंच ओटा ठेवलेला असतो. गार हवा जड, म्हणून ती तळाशी आणि बोगद्यात साचते. गरम हवा घुमटाखाली अडकते. ओट्याची पातळी बोगद्याच्या छतापेक्षा वर असली की झोपणारी माणसे गरम हवेच्या थरात येतात. जमिनीवर पाणी गोठत असते आणि त्याच वेळी ओट्यावर माणूस अंगातला वरचा अंगरखा उतरवून बसलेला असतो. ओट्यावर आधी काटक्या किंवा झुडपांची चटई, त्यावर कॅरिबूची कातडी. एक थर केस खाली करून, दुसरा केस वर करून.

ओट्याच्या कडेला दिवा. इन्यूट भाषेत त्याला कुल्लिक म्हणतात: शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेली अर्धचंद्राकृती थाळी, तीत सीलची चरबी आणि सरळ कडेवर पसरलेली गवताच्या बोंडांतल्या कापसाची नि शेवाळाची वात. ज्योत धुराशिवाय, एकसारखी जळावी म्हणून वात सतत सारखी करावी लागते. हे कसबी काम बायकांकडे असे आणि घराचे सुखदुःख त्यावर ठरे. याच दिव्यावर हिम वितळवून पिण्याचे पाणी होई, मांस शिजे, ओले कपडे वाळत. मात्र किनाऱ्यापासून दूर, कॅरिबूवर जगणाऱ्या अंतर्भागातल्या इन्यूटांकडे सीलची चरबी नसे. त्यांच्या हिमघरांत ऊब जवळजवळ अंगाचीच.

आता नेहमीचा प्रश्न: दिवा लावल्यावर घर वितळत नाही का? वितळते, थोडेसे. पण वितळलेले पाणी टपकत नाही, कारण हिम ते टिपकागदासारखे शोषून घेते. ते आत जिरते, थोडे खोलवर पुन्हा गोठते आणि भिंतीच्या आतल्या अंगाला बर्फाचे कवच तयार होते. नव्या घरात मुद्दाम दिवे मोठे करून आणि मग दार उघडून गारवा आत घेऊन हे कवच चढवीत. त्याने घुमट मजबूत होतो. अति मात्र नको. कवच जाड झाले की त्यातली हवा गेली, आणि हवा गेली की ऊबही गेली. शिवाय बर्फ पाणी शोषत नाही, मग थेंब टपकू लागतात. जुने, आतून चकचकीत झालेले घर सोडून कुटुंब नवे घर बांधे त्याचे हे एक कारण.

ज्यांना जास्त ऊब हवी ते आतून कातड्याचे अस्तर टांगत. भिंतीतून दोऱ्या आरपार नेऊन बाहेरून छोट्या खुंट्यांनी अडकवायच्या आणि भिंत व अस्तर यांच्यात हवेची पोकळी ठेवायची. मग आतली हवा १० अंशांच्या वर गेली तरी घुमटाला लागून गारच राहते. खिडकी म्हणून दाराच्या वर तळ्यातल्या गोड्या पाण्याच्या स्वच्छ बर्फाची लादी बसवत; समुद्राचा बर्फ खारटपणामुळे गढूळ असतो. अशी लादी दुसरीकडे मुक्काम हलवताना बरोबरही नेत.

आणि माथ्याजवळ एक बोटभर रुंदीचा झरोका. हा विसरला तर बाकी सगळे नीट बांधूनही घर मारू शकते. दिवा आणि माणसे दोन्ही प्राणवायू खातात आणि कोंडलेल्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नाही.

परक्यांनी काय उचलले

१८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजे घेऊन वायव्य सागरी मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणारी वाट, शोधायला निघाला. जहाजे किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली. शेवटी १२९ पैकी एकही माणूस परतला नाही. त्यांची काय गत झाली याची पहिली भरवशाची बातमी १८५४ साली आणली ती जॉन रे याने. तो ऑर्क्नी बेटांवरचा, हडसन बे कंपनीचा डॉक्टर, आणि त्याला ही बातमी इन्यूटांनीच सांगितली होती. रे त्या काळातल्या मोजक्या युरोपीय प्रवाशांपैकी ज्याने हिमघर बांधण्याची कला शिकून घेतली. त्याचा हिशेब साधा होता: तंबू ओढून न्यावा लागतो आणि श्वासाच्या वाफेने तो दिवसेंदिवस जड होतो; हिमघर न्यावे लागत नाही, आणि परतीच्या वाटेवर जाताना बांधलेलीच घरे पुन्हा वापरता येतात. पुढे नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे त्याच किंग विल्यम बेटावर नेट्सिलिक लोकांच्या शेजारी राहिला आणि कपडे, कुत्र्यांच्या गाड्या, हिमघरे हे सगळे त्यांच्याकडून शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचलेला तो हाच.

फ्रँकलिनच्या माणसांना इग्लू बांधता आला असता तर ती वाचली असती, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या बेटावर शंभरावर माणसांना पुरेल इतकी शिकार नव्हतीच. इन्यूट लहान गटांत विखरून राहत त्याचे कारण तेच.

१९५० आणि ६०च्या दशकांत कॅनडा सरकारने इन्यूट कुटुंबांना शाळा, दवाखाने आणि लाकडी घरांच्या कायम वस्त्यांमध्ये आणले. काही आपण होऊन आली, अनेकांवर दडपण होते. त्यानंतर हिमघर राहण्याचे ठिकाण उरले नाही. शिकारीला गेलेले लोक वादळात अडकले की अजून बांधतात आणि मुलांना शिकवतातही. आता अडचण वेगळीच आहे. नुनावुतमधल्या बेकर लेक या वस्तीच्या बाजूच्या वयस्कर शिकाऱ्यांनी सांगितले आहे की वाऱ्याची तऱ्हा बदलली, हिम कधी इतके घट्ट कुटले जाते की चिरे नीट कापता येत नाहीत, आणि तंबूवर भिस्त ठेवावी लागते.

आपल्या हिमालयात

मनालीच्या वर सेथनला हिवाळ्यात इग्लूत मुक्काम करायला आता पुण्या-मुंबईचे पर्यटक हौसेने जातात. आपणच बांधून पाहावा असे तिथे कुणालाही वाटेल. पण मनालीच्या बाजूच्या दऱ्यांतले हिम बहुतेक वेळा जाड, मऊ आणि वाऱ्याने न कुटलेले असते. त्यातून थेट चिरे निघत नाहीत. फावड्याने टाकून, पायांनी तुडवून ते दोन-तीन तास तसेच ठेवावे लागते, म्हणजे कण एकमेकांना धरतात. मग करवत चालते.

चिऱ्यांचा नाद सोडून आणखी सोपा मार्ग घेता येतो, आणि तो कॅनडाच्याच जंगलातल्या आदिवासींचा आहे, जिथे हिम आपल्यासारखेच मऊ पडते. माणसाच्या उंचीएवढा हिमाचा ढीग रचायचा, एक-दोन तास घट्ट होऊ द्यायचा. बाहेरून सगळीकडे ३० सेंटीमीटर लांबीच्या काड्या खुपसून ठेवायच्या आणि मग आतून पोखरायला लागायचे. काडीचे टोक दिसले की तिथे थांबायचे, म्हणजे भिंत सगळीकडे सारख्या जाडीची राहते. पोखरणारा आत असेतोवर एक माणूस फावडे घेऊन बाहेर उभा हवाच, कारण ढासळले तर याच वेळी ढासळते. आत गॅसची शेगडी पेटवू नका. झरोका पाडा, आत एक काठी ठेवा आणि रात्री हिम पडत असेल तर त्या काठीने तो अधूनमधून मोकळा करत राहा.